भरारी पथक येऊन गेल्यावर: कलम १२६ आणि १३५ च्या कागदांना उत्तर कसे द्यायचे

वायरिंगची कामे घेतो, त्यामुळे वीज कंपनीच्या भरारी पथकाने अनधिकृत वापर किंवा वीजचोरी धरल्याचा कागद हातात पडला की लोक आधी माझ्याकडे येतात, वकिलाकडे नंतर. कागद पुढे धरतात, बोट थेट रकमेवर आणि प्रश्न एकच: "हे कमी होईल का?" मी विचारतो, कलम कुठले आहे आणि कागद कधी हातात पडला? या दोन प्रश्नांना बहुतेकांकडे उत्तर नसते. कोणी तोवर साहेबांना भेटून आलेला असतो, कोणी नगरसेवकाचे पत्र आणलेले असते, कोणी थोडे पैसे भरून मोकळा झालेला असतो. आणि मुदत गेलेली असते.

हा लेख घर, दुकान, गिरणी, छोटा कारखाना अशा जोडण्यांसाठी आहे. कंपनी महावितरण असो, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा असो, नाहीतर गोव्याचे वीज खाते असो, कायदा एकच: वीज कायदा, २००३. पायऱ्यांचा क्रम मात्र मोडू नका. हे प्रकरण क्रमातच बिघडते.

१. पथक दारात असताना

दार अडवू नका, वाद घालू नका आणि मीटरला हात लावू नका. "मी जरा सील नीट करतो" म्हणत पुढे झालेला माणूस स्वतःच्या हाताने पुरावा तयार करतो.

ओळखपत्र मागा, तो तुमचा हक्क आहे. नावे आणि हुद्दे वहीत टिपून ठेवा. राहत्या घराची झडती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घ्यायची असेल, तर घरात राहणारा प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय ती घेता येत नाही, असे कलम १३५ मध्येच लिहिले आहे. दुकान किंवा कारखान्याला हे संरक्षण नाही.

झडती चालू असताना तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणीतरी तिथे हजर राहायचे आहे. काढून नेलेल्या प्रत्येक वस्तूची यादी होते. तिच्यावर तुमची सही होते आणि प्रत तुम्हाला मिळते. मीटर काढून नेत असतील तर ते तुमच्यासमोर पिशवीत घालून सीलबंद होते का, सीलचा क्रमांक पंचनाम्यात उतरला का, हे बघा. प्रयोगशाळेतली तपासणी माझ्या हजेरीत व्हावी, असे तिथेच लिहून द्या.

आता सगळ्यात महागडा कागद: स्थळ पाहणी अहवालातली जोडभाराची यादी. पंखे किती, ट्यूब किती, मोटर किती अश्वशक्तीची, सगळे त्यात असते. पुढचा हिशेब या यादीवरच उभा राहतो, आणि नेमक्या याच कागदावर लोक न वाचता सही ठोकतात.

एका पिठाच्या गिरणीत कोपऱ्यात मिरची कांडपाची जुनी दोन अश्वशक्तीची मोटर पडून होती. वायंडिंग जळलेले, वायर कापलेली, वर रिकाम्या गोण्या. यादीत ती चालू मोटर म्हणून लागली. दोन अश्वशक्ती म्हणजे साधारण दीड किलोवॅट. दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले की ३,६०० युनिट झाले. युनिटला ८ रुपये दर धरला तरी दुप्पट आकारणीने ५७,६०० रुपये, तेही वर्षानुवर्षे न फिरलेल्या मोटरचे. मालकांनी सही करताना तिच्यापुढे "नादुरुस्त, जोडलेली नाही" एवढे तीन शब्द लिहून घेतले असते, तर पुढचे तीन महिने वाचले असते.

*सावधान:* सही नाकारण्यात फायदा नाही. "सही करण्यास नकार" असा शेरा मारून पंचनामा पूर्ण होतो. सही करा, पण वर लिहा: "प्रत मिळाली. मजकूर मान्य नाही." खाली तारीख आणि वेळ. ज्या ओळी चुकीच्या आहेत, त्यांचे क्रमांकही लिहा.

*तपासा:* पथक जाण्याआधी मोबाइलवर मीटर, सील, सर्व्हिस वायर आणि प्रत्येक उपकरणाचा फोटो घेतला का?

२. कागदावरचे कलम ओळखा

हातात येणारे कागद तीन प्रकारचे असतात, आणि तिघांची दारे वेगळी.

कलम १२६, म्हणजे अनधिकृत वापर. घरगुती मीटरवर दुकान चालवणे, शेतीच्या जोडणीवरून दुसऱ्या कामाला वीज घेणे, एका जागेची जोडणी शेजारच्या जागेत ओढणे, हे सगळे यात येते. मंजूर भारापेक्षा जास्त भार वापरणेही यात बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने सीताराम राइस मिल प्रकरणात म्हटले आहे. इथे तुमचा हेतू वाईट होता हे कंपनीला सिद्ध करावे लागत नाही. हा गुन्हा नाही, पैशांचे प्रकरण आहे.

कलम १३५ म्हणजे वीजचोरी. तारेवर आकडा टाकणे, मीटरमध्ये फेरफार, मीटरला वळसा घालून वायर नेणे हे त्यात येते. इथे कायद्याचा शब्द "अप्रामाणिकपणे" असा आहे आणि मामला फौजदारी आहे. पण यात एक मेख आहे: फेरफाराचे साधन तुमच्या जागेत सापडले की अप्रामाणिकपणा गृहीत धरला जातो आणि तसे नव्हते हे तुम्हाला दाखवावे लागते. म्हणून भाडेकरू ठेवलेल्या मालकांनी भाडेकरार आणि मीटर कोणाच्या ताब्यात होते याचा पुरावा आधी शोधावा.

तिसरा प्रकार या दोन्हींत नसतो. मीटर आपसूक मंद झाले, गुणक (रीडिंगला ज्याने गुणतात तो आकडा) चुकीचा लागला, रीडिंग न घेता सरासरी बिले गेली आणि आता फरक मागितला, तर ते साधे बिलाचे भांडण आहे. त्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. हाच मंच १२६ आणि १३५ ची प्रकरणे मात्र ऐकत नाही.

फेरफार केलेले मीटर हा शब्द १२६ मध्येही आहे आणि १३५ मध्येही. त्यामुळे पथकाचा मजकूर वाचून आपणच तर्क करत बसू नका. आदेशावर जे कलम छापले आहे, तेच धरा. कलमच लिहिले नसेल तर त्याच दिवशी लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.

घरातच छोटा उद्योग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांमध्ये, महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घराच्या एका भागात व्यवसाय करूनही घरगुती दरच लागतो, अशी तरतूद येत राहिली आहे. शिवणकाम, शिकवणी, खाणावळ चालवणाऱ्या कितीतरी जणांचे प्रकरण इथेच संपू शकते. तपासणीच्या तारखेला लागू असलेला दर-आदेश उघडा, तरतूद त्यात आहे याची खात्री करा आणि ते पान हरकतीला जोडा.

३. तारखा भिंतीवर लिहा (कलम १२६)

आधी तात्पुरत्या आकारणीचा आदेश येतो. तो ज्या दिवशी हातात पडला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मुदत मोजायची. पाकीट फेकू नका. टपालाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा.

समजा आदेश ३ जूनला मिळाला. आकडा मान्य असेल तर ७ दिवसांत, म्हणजे १० जूनपर्यंत, तो भरून प्रकरण मिटवता येते. मान्य नसेल तर हरकत द्यायची. सुनावणी घेऊन अधिकाऱ्याने अंतिम आदेश ३० दिवसांत, म्हणजे ३ जुलैपर्यंत, काढायचा आहे.

इथे मोठा गैरसमज आहे. ७ दिवसांची मुदत आकारणी मान्य करून पैसे भरणाऱ्यासाठी आहे. हरकत घेणाऱ्यावर ७ दिवसांत पैसे भरण्याची सक्ती त्यात नाही. पण म्हणून हरकत पंचविसाव्या दिवशी नेऊ नका. अधिकाऱ्याला सुनावणीही त्याच ३० दिवसांत बसवायची असते. मी तर पहिल्या आठवड्यातच द्या म्हणतो. आदेशात हरकतीसाठी वेगळे दिवस दिले असतील तर ते पाळायचेच.

*सावधान:* "आधी थोडे भरा, मग बघू" हा सल्ला काउंटरवर सर्रास मिळतो. संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील करता येत नाही. जोडणी वाचवण्यासाठी काही भरावेच लागले, तर सोबत पत्र द्या: "रक्कम निषेध नोंदवून भरत आहे, आकारणी मान्य नाही." आणि पोच घ्या.

४. आकडा स्वतः मांडून बघा

हरकत लिहिण्याआधी हिशेब करा. "रक्कम फार जास्त आहे, कृपया कमी करावी" ही हरकत नव्हे, विनवणी आहे. अधिकाऱ्याला विनवणीवर काही करता येत नाही; आकड्यावर येते.

कायद्याचे सूत्र सोपे आहे. जो दर लागायला हवा होता त्याच्या दुप्पट, आणि जितका काळ अनधिकृत वापर झाला तितकाच. तो काळ कळत नसेल तरच तपासणीच्या आधीचे १२ महिने धरायचे. प्रत्यक्षात १२ महिने सरसकट लावलेले दिसतात, कारण उलट पुरावा कोणी देतच नाही.

हिशेबासाठी दर धरून चालू: व्यावसायिक युनिटला १२ रुपये, घरगुती ८ रुपये. वर्षाचे नोंदलेले युनिट ४,८००. दुप्पट दराने ४,८०० × २४ = १,१५,२०० रुपये. घरगुती दराने आधीच भरलेले ३८,४०० वजा केले की उरतात ७६,८०० रुपये. आता दुकान पाच महिन्यांपूर्वीच सुरू झाले आणि त्या काळातले युनिट २,०००, असे दाखवता आले तर? ४८,००० वजा १६,०००, म्हणजे ३२,००० रुपये. निम्म्याहून अधिक रक्कम एका तारखेवर अवलंबून आहे.

मग ती तारीख सिद्ध करणारे कागद शोधा. दुकानाची नोंदणी, भाडेकरार, यंत्राचे खरेदी बिल, जीएसटीची नोंद, गाळ्याचा ताबा मिळाल्याचे पत्र. मीटरमध्ये फेरफाराचा आरोप असेल तर मीटरची साठवलेली माहिती, ज्याला आपल्याकडे सगळे एमआरआय डेटा म्हणतात, ती लेखी मागा. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये एखाद्या फेजचा व्होल्टेज किंवा करंट गेला, तर त्याची तारीख-वेळ नोंदलेली असते. बिलांवरचे युनिटही बोलतात: वापर ज्या महिन्यात एकाएकी घसरला, त्याआधी फेरफार होता असे म्हणणे अवघड जाते. डेटा कधी तुमच्याच विरुद्ध जातो, हेही खरे. म्हणून आधी घरातली बिले ओळीने मांडून बघा आणि मग मागा.

*तपासा:* भरलेली बिले वजा झाली आहेत का? बंद उपकरणे धरली आहेत का? दिवसाचे तास तुमच्या व्यवसायाला शोभतात का? गिरणी सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास चालत असेल तर बारा तास कुठून आले? दर योग्य वर्गवारीचा आहे का? गिरणीला व्यावसायिक नव्हे, औद्योगिक दर हवा.

५. हरकत लिहा आणि सुनावणीला स्वतः जा

अर्ज निर्धारण अधिकाऱ्याच्या नावे करा. आदेशाच्या तळाला ज्याची सही आहे तोच. वरिष्ठांना प्रत पाठवा हवी तर, पण मूळ अर्ज तिथेच.

मजकूर दोन पानांच्या वर नको. वर ग्राहक क्रमांक, आदेशाचा क्रमांक, तो मिळाल्याची तारीख. मग मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक कागद. "अ.क्र. ७ वरील मोटर नादुरुस्त; फोटो जोडला आहे." "वापर १ जानेवारीपासून. भाडेकरार जोडला आहे." मग तुमचा स्वतःचा हिशेब आणि तुमच्या मते देय असलेली रक्कम. शेवटी एक वाक्य: "प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी." काही अंशी चूक असेल तर ती कबूल करून आकडा मांडणारी हरकत जास्त टिकते, असा माझा अनुभव आहे. सगळेच नाकारणाऱ्याचे खरे मुद्देही झाकोळतात.

अर्ज आवक-जावक टेबलवर द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे.

सुनावणीला वायरमनला सोबत न्या. भाराचे प्रश्न त्यालाच नीट सांगता येतात. तिथे जे बोललात ते परत आल्यावर त्याच दिवशी पत्राने कळवा.

६. अंतिम आदेश: भरा किंवा अपील करा

अंतिम आदेशावर कलम १२७ खाली अपील होते, आदेशापासून ३० दिवसांत. महाराष्ट्रात ते विद्युत निरीक्षकांकडे जाते. गोव्यात किंवा इतर राज्यांत असाल तर तिथल्या सरकारने नेमलेला अधिकारी कोण, ते आदेशात बघा, नसेल तर लेखी विचारा. अपीलाआधी आकारणीची निम्मी रक्कम कंपनीकडे रोखीने किंवा डिमांड ड्राफ्टने भरावी लागते आणि पावती अपीलाला जोडावी लागते. पावती नसेल तर अपील दाखलच होत नाही. लोक अपील लिहीत बसतात आणि ड्राफ्टला एकोणतिसाव्या दिवशी बँकेत जातात. उलटे करा: आधी पैशांची सोय, मग मजकूर.

भरलेही नाही, अपीलही केले नाही, तर आदेशाच्या ३० दिवसांनंतर वर्षाला १६ टक्के व्याज लागते. ते दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिळते आणि पुढच्या सहामाहीत त्यावरही व्याज चढते.

चुकीची दारे ठोठावण्यात सर्वाधिक महिने जातात. या आकारणीवर दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही. कलम १४५ तसे सांगते. ग्राहक आयोगातही तक्रार चालत नाही. २०१३ मध्ये अनीस अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. तक्रार निवारण मंचाचे वर आलेच. तिथे फिरून येईपर्यंत अपीलाचे ३० दिवस थांबून राहत नाहीत.

७. कागद कलम १३५ चा असेल तर

इथे क्रम बदलतो, आणि इथे वकील लागतोच. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पहिल्या दोषसिद्धीत दंड चोरीतून झालेल्या फायद्याच्या किमान तिप्पट, पुढच्या वेळी किमान सहापट. भार १० किलोवॅटच्या वर असेल तर दुसऱ्या वेळी किमान सहा महिने कैद, आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

पहिला दिवस: वीज तिथल्या तिथे तोडली जाते. तोडल्यापासून २४ तासांत कंपनीच्या अधिकाऱ्याने पोलिसांत लेखी तक्रार द्यायची असते. दोन्ही वेळा टिपून ठेवा. वकील आधी तेच विचारील. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली तर टाळू नका. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचे वकिलाशी त्याच दिवशी बोला.

दुसरे काम जोडणीचे. आकारणीची रक्कम भरली की ४८ तासांत वीज परत जोडून द्यायची असते. पण पैसे भरले म्हणजे केस मिटली, हा समज सोडा. आकारणी वेगळी आणि गुन्हा वेगळा. तक्रार देण्याचे बंधन पैसे भरल्यानेही संपत नाही.

गुन्हा मिटवायचा तर कलम १५२ ची तडजोड रक्कम आकारणीव्यतिरिक्त भरावी लागते. कायद्यातल्या तक्त्यात लघुदाब जोडणीला दर किलोवॅट किंवा अश्वशक्तीमागे उद्योगाला २०,००० रुपये, व्यावसायिकला १०,०००, शेतीला २,००० आणि इतरांना ४,००० असे दर आहेत. अपूर्णांक असला तरी पूर्ण धरला जातो. तीन किलोवॅटच्या दुकानाला ३०,०००. दहा अश्वशक्तीच्या गिरणीला तब्बल २ लाख. ही रक्कम स्वीकारली गेली की निर्दोष सुटल्यासारखेच धरतात आणि खटला पुढे चालत नाही.

*सावधान:* तडजोडीची संधी एका व्यक्तीला एकदाच. ज्या प्रकरणात तुमची बाजू खरोखर भक्कम आहे तिथे घाईने ती खर्चू नका. उलट, आकडा तारेवर लटकताना फोटोत आला असेल तर वीजचोरीचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयात वर्षे घालवण्यातही शहाणपणा नाही.

खटला चालला तर दिवाणी देणेही विशेष न्यायालयच ठरवते. तिथे ठरलेली रक्कम तुम्ही आधी भरलेल्यापेक्षा कमी निघाली, तर जादा पैसे पंधरवड्यात व्याजासह परत करायचे असतात. ते आपोआप आले तर उत्तमच. नाही आले तर निकालाची प्रत जोडून मागा. राष्ट्रीय लोक अदालतीतही अशी प्रकरणे ठेवली जातात. तिथे सही करण्याआधी तडजोडीच्या कागदात आकारणी, तडजोड रक्कम आणि गुन्हा मागे घेणे, या तिन्हींचा उल्लेख आहे ना, हे वाचून घ्या. दोनच असतील तर सही करू नका.

८. मिटल्यानंतरची दोन कामे

पहिले, मुळातली चूक दुरुस्त करा. घरगुती मीटरवर दुकान होते तर वर्गवारी बदलण्याचा अर्ज, भार जास्त होता तर भारवाढीचा अर्ज, आणि दोन्हींची पोच. पैसे भरून वापर तसाच ठेवणाऱ्यांकडे पथक पुन्हा येते.

दुसरे, पुढची तीन बिले तपासा. भरलेली रक्कम थकबाकी म्हणून पुन्हा छापून येते, असे मी अनेकदा पाहिले आहे. लगेच पावती जोडून लेखी कळवा, नाहीतर त्याच थकबाकीवर तोडणीची नोटीस निघते. मूळ पावती लॅमिनेट करू नका. न्यायालयात ती परत सोलून दाखवता येत नाही. झेरॉक्स लॅमिनेट करा, मूळ पावती फाइलीत ठेवा.